हाकेला ओ

नंदकिशोररावांच्या मते यवतमाळात अक्कल असलेला माणूस एकच होता, आणि तो रोज सकाळी त्यांच्याच आरशात दाढी करायचा. बांधकाम खात्यातून रिटायर झाल्यावर तर हे मत आणखीच पक्कं झालं. बाकीच्यांची अक्कल काढायला आता दिवसभर वेळ होता.

मे महिना. आर्णी रोडवरच्या त्यांच्या वस्तीतल्या बोअर आटलेल्या, नळ आठवड्यानं यायचा, आणि यांच्या मागच्या खोलीत जमिनीतून पाणी वर येत होतं. आधी फरशीच्या सांध्यांत नुसती ओल. मग घोट्याएवढं पाणी. मोटर लावून उपसलं, वॉटरप्रूफिंग केलं, फरशी उखडून पुन्हा बसवली. चार दिवस कोरडं, की पुन्हा आपलं घोट्याएवढं. थंडगार, स्वच्छ, आणि त्याला ओल्या दोराचा वास. शेजारच्या हंसाबाई बादल्या भरभरून न्यायच्या.

"गोड पानी हाय जी," त्या म्हणायच्या.

"फुकटचं गोडच लागते," नंदकिशोरराव फटकन म्हणायचे.

खोली अनघासाठी होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि ती यायच्या आत पाणी थांबलंच पाहिजे होतं.

"तो पाइप मोकळा करा," कुंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "नाहीतर मी पोरीला या घरात आणणार नाही."

घराखाली बुजवलेली विहीर होती. बुजवताना मिस्त्रीनं रीतीप्रमाणे एक पाइप वर काढून ठेवला होता, विहिरीचा दम कोंडू नये म्हणून. तो खोलीच्या कोपऱ्यात दिसायचा. लेकीसाठी खोली नीट करताना नंदकिशोररावांनी तो कापला आणि तोंडावर सिमेंट थापलं. पाणी त्यानंतरचं.

"विहिरीला फुप्फुसं असतात काय? शिकलेली बाई तू, अन् काय अकलेचे तारे तोडून राह्यली!"

"आई म्हणायची, विहिरीतून हाक आली तर ओ देऊ नये."

"मग? आली काय हाक?"

"आली ना, सकाळी. त्या खोलीतून. तुमच्याच आवाजात, 'कुंदे' म्हणून. मी ओ देणारच होते, तर खिडकीतून तुम्ही फाटकापाशी दिसले."

नंदकिशोरराव इतके हसले, की ठसका लागला. "पुन्हा मारली तर ओ देऊ नको बरं! मी चाललो सिमेंट आणायला," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

फाटकाशी आल्यावर वाटलं, किती सिमेंट लागेल ते एकदा बघून घ्यावं. खोलीचं एक दार परसात उघडायचं. ते तिकडूनच आत शिरले.

पाणी होतंच. "मूर्ख बायका," ते मोठ्यानं म्हणाले.

आवाज भिंतींवर आपटत वर वर गेला आणि खूप उशिरा परत आला.

त्यांनी खाली पाहिलं. पाण्यात पंखा दिसायला हवा होता. तिथं आभाळाचा छोटासा गोल तुकडा होता. "वक्रीभवन," ते पुटपुटले. पाणी गुडघ्याला लागलं होतं.

परसदाराकडे हात लांबवला. दार नव्हतं. हाताला दगड लागला. गोलाकार, शेवाळलेला.

त्यांनी वर पाहिलं. स्लॅब नव्हता.

"कुंदे!"

फार वर कुठंतरी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता. तो थांबला. तिनं ऐकलं होतं! नंदकिशोररावांच्या जिवात जीव आला.

"कुंदे, मीच आहे गं! ओ दे!"

वरून काहीच आलं नाही. पाणी छातीला लागलं.

"ओ दे गं, पाया पडतो तुझ्या!"

मग कुंदाबाईंचा बारीक, घाबरलेला आवाज ऐकू आला. त्या फोनवर बोलत होत्या. "अनू, तू सध्या नको येऊ बाळा. बाबा? ते सिमेंट आणायला गेलेत."

आणि खोलीच्या दाराला बाहेरून हळूच कडी लागली.