न जुळलेली पत्रिका

अग्निशमन जवानाचा पितळी टोप छोट्या मनवाच्या डोक्यात शिरला सहज, पण निघता निघेना. आतून "टीचर..." असा घुमलेला आवाज आला आणि सुरुची दोन्ही हातांनी टोप ओढू लागली. लालबागच्या बालवाडीतली चिल्लीपिल्ली अग्निशमन संग्रहालयात आणायची हौस तिचीच होती.

"थांबा, ओढू नका."

गणवेशातला एक तरुण जवान सरळ मनवासमोर गुडघ्यावर बसला. "टोप घातला म्हणजे तुम्ही आमचे साहेब. आता साहेब, हनुवटी छातीला टेकवा बघू." मनवाने टेकवली. त्याने टोप अलगद मागे कलवला आणि सोडवला. रडायचं विसरून मनवा म्हणाली, "पाणी मारा!"

मग त्याने पोरांना जुना पंप दाखवला. पूर्वी तो घोडे ओढायचे, हे सांगताना अर्ध्या पोरांना घोडे केलं, अर्ध्यांना जवान. एरवी सुरुचीला न आवरणारी पोरं त्याच्या एका नजरेसरशी रांगेत उभी राहत होती. ती बघतच राहिली. त्याच्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण होती, आणि तिला तीसुद्धा आवडली.

पोरं बिस्किटांवर तुटून पडली, तसा तो जवळ आला.

"तुम्ही सुरुची ना?"

"हो... तुम्हाला कसं—"

"तुमच्या मावशींनी फोटो पाठवला होता. मी अवधूत. शीव कोळीवाड्याचा."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. गेल्याच आठवड्यात सांगून आलेलं स्थळ. मुलगा फायर ब्रिगेडमध्ये आहे म्हटल्यावर तिने फोटोही न बघता नकार दिला होता.

"पत्रिका जुळत नाही, असं कळलं," तो म्हणाला.

"हो, म्हणजे... आई म्हणत होती—"

"पण आम्ही पत्रिका दिलीच नव्हती."

हसावं की जमिनीत गडप व्हावं, तिला कळेना. नकार गोडीत कळवायचा म्हणून आईने नेहमीचं कारण ठोकून दिलं होतं.

"खरं सांगू? भीती वाटली. रोज दाराकडे डोळे लावून कोण बसणार..."

"मलाही वाटते. आत शिरताना, दर वेळी," तो शांतपणे म्हणाला. "ज्याला वाटत नाही, त्याला आम्ही पुढे सोडत नाही."

तिची भीती काही गेली नाही. पण याच्यासोबत ती वाटून घेता येईल, असं तिला मनापासून वाटलं.

"अजून... स्थळं बघताय?"

"रविवारी वडाळ्याला जायचंय. आईने शब्द दिलाय."

"जाऊ नका."

"का बरं?" तो गालात हसला.

सुरुचीने त्याच्यासमोरच फोन लावला.

"आई, शीव कोळीवाड्याच्या मुलाची पत्रिका जुळली म्हणून कळव. आजच."

"अगं, पण त्यांची पत्रिका आपल्याकडे आहे कुठे?"

"नाही म्हणताना तरी कुठे होती?"

आई पुढे काय बोलली ते तिने ऐकलंच नाही. समोर, रोज आगीत शिरणारा तो माणूस कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.