शनिवारी तापणारी मोटार

"उघडू नका!"

हे दोन शब्द आपल्या तोंडून एवढ्या मोठ्यानं कसे निघाले, याचं नीलम्माला नंतर कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं. वर्गात चाळीस मुली कलकलत असल्या, तरी तिचा आवाज कधी चढत नसे. आणि इथं वळसंग गावाच्या अलीकडे, रणरणत्या उन्हात, एका अनोळखी तरुणावर ती चक्क ओरडली होती.

तो तरुण मोटारीपुढं उभा होता. रेडिएटरच्या झाकणातून वाफ फुसफुसत होती. हातातलं ओलं फडकं त्यानं झाकणाभोवती गुंडाळलं होतं, आता पिळायचं तेवढं बाकी होतं. तो तसाच थांबला आणि वळून बघू लागला.

"का हो बाई?"

"आत पाणी उकळतंय. झाकण दाबून धरतंय म्हणून ते आत आहे. सैल केलंत की सगळं तुमच्या तोंडावर येईल."

त्यानं हात मागं घेतला. एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"तुम्हाला मोटारीतलं कळतं?"

"मोटारीतलं नाही. वाफेतलं कळतं."

"शाळेत शिकवता?"

"हो."

"वाफ शिकवता?"

"वाफ, उजेड, लोहचुंबक... समोर येईल ते," नीलम्मा म्हणाली आणि चटकन लिंबाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. कारण नसताना तिचे कान गरम झाले होते. उन्हामुळे असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

साल होतं एकोणीसशे चौतीस. पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकून आलेली नीलम्मा सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि मावशीकडे राहत होती. आई एकटी अक्कलकोटला असायची, म्हणून दर शनिवारी दुपारची शाळा सुटली की ती घरी जाई आणि रविवारी रेल्वेनं परत येई. त्या शनिवारी ती पहिल्यांदाच मोटारीनं निघाली होती. मोटार होती शिवपुत्रची. बसप्पा कापडवाल्यांचा हा थोरला मुलगा. दुकानातल्या गादीवर बसायचं सोडून त्यानं हट्टानं ही जुनी मोटार घेतली आणि अक्कलकोटच्या फेऱ्या सुरू केल्या. मोटारीत आणखी दोघं नेहमीची होती. एक लुगडी विकणारी गंगम्मा, तिचं गाठोडं तिच्यापेक्षा मोठं. दुसरे अक्कलकोटचे अडते आप्पा. पुढची जागा त्यांची.

इंजिन थोडं निवल्यावर शिवपुत्रनं झाकण काढलं. नीलम्मानं सांगितलं तसं, इंजिन चालू करून हळूहळू पाणी ओतलं.

"एकदम ओतलं तर?" त्यानं विचारलं.

"तापल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतून बघा."

"नको. पेला फुटला तर आई मारेल की."

नीलम्मा हसली. मग आपण हसलो, याचंच तिला कोडं पडलं.

पुढच्या शनिवारी ती स्टँडवर आली, तेव्हा शिवपुत्रनं धावत येऊन दार उघडलं. "पंख्याचा पट्टा ढिला होता बाई. ताणून घेतलाय. आता नाही तापायची."

पुढचं हँडल मारून, इंजिन सुरू करून तो आपल्या जागेवर बसला. मागं वळून म्हणाला, "बसलात ना नीट?" टोपी सारखी केली आणि निघाला.

मोटार तापली. अगदी त्याच लिंबाच्या झाडाशी.

"पट्टा किती ताणलाय? अंगठ्यानं दाबून बघा," नीलम्मा म्हणाली. त्यानं दाबला. बोटभर दबला. म्हणजे पट्टा बरोबर होता.

"मग रेडिएटर आतून धरला असेल. आपल्याकडचं पाणी जड. घागरीला कसा पांढरा थर बसतो, तसा."

"घालवायचा कसा?"

"धुण्याचा सोडा घालून उकळा."

"मोटार धुवायची? परटाकडं देऊ का?"

"परीट शनिवारी येत नाहीत," नीलम्मा गंभीरपणे म्हणाली. गाठोड्यावर बसलेली गंगम्मा फिसकन हसली.

त्यानं सोडा घातला. पुढच्या खेपेला पाण्याची रबरी नळी बदलली. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कडब्याचा भुसा काडीनं काढला. दर शनिवारी तो शाळकरी पोरासारखा खाली मान घालून काय काय केलं ते सांगायचा, ती प्रश्न विचारायची... आणि दर शनिवारी मोटार तापायची. त्यातून चढावर ती अशी कण्हत जायची, जणू गंगम्माचं गाठोडं तिनं डोक्यावर घेतलंय.

"बाकीच्या दिवशी कशी चालते?" नीलम्मानं एकदा विचारलं.

"पाखरासारखी," तो हताशपणे म्हणाला. "तुमची शपथ... म्हणजे, खरंच."

'तुमची शपथ' हे शब्द घेऊन ती आठवडाभर फिरत होती. मुलींना आरशाचे नियम शिकवताना ते मध्येच आठवायचे. शनिवारी सकाळी हिरवं लुगडं नेसून झाल्यावर ते सोडून तिनं जांभळं का नेसलं, हेही तिला कळेना. रोग मोटारीला जडला होता की तिला?

"शनिवार हाय न्हवं," गंगम्माचं मत पडलं. "शनीची दृष्ट लागलीया."

मग पाडव्याची सुट्टी आली. नीलम्मा त्या आठवड्यात अधल्यामधल्या वारी घरी निघाली. मोटार तापली. शनीची बाजू तिथंच पडली. लिंबाखाली उपरण्यानं वारा घेत बसलेल्या आप्पांनी नीलम्माकडे रोखून पाहिलं.

"वाराचं काही नाही," ते म्हणाले. "ह्या बाई असल्या की तापते. पायगुण म्हणतात तो हाच."

नीलम्माला हसायचं होतं. पायगुणानं पाणी उकळत नाही, एवढं तरी तिला ठाऊक होतं. पण आतापर्यंतच्या सगळ्या फेऱ्या मनात मांडल्या, आणि हसू ओठांवरच राहिलं. आप्पांचं म्हणणं खुळं होतं, पण त्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती मुद्दामच गेली नाही. आईला निरोप धाडला आणि मावशीच्या ओसरीवर मुलींच्या वह्या घेऊन बसली. एकही वही तपासून झाली नाही. सोमवारी गंगम्मा आईनं दिलेली शेंगाचटणी घेऊन दारात आली, तेव्हा तिला बसायला सांगायच्या आधीच नीलम्मानं विचारलं, "तापली?"

"न्हाई गं पोरी. वाऱ्यासारखी गेली." गंगम्मानं डबा खाली ठेवला. तिचा चेहरा उतरला होता. "आप्पा साऱ्या स्टँडवर सांगत सुटलाय. मास्तरीणबाईला मोटारीत घेऊ नका म्हनं. उद्या तुझ्या गल्लीत बोलंल. पायगुणाचा बोल एकदा लागला की गोंदणावानी जन्माचा ऱ्हातो. कोन मागणी घालंल तुला?"

"आणि... ते काय म्हणाले?"

"कोन, शिवपुत्र? काय न्हाई. खाली बघून बसला हुता."

खाली बघून! नीलम्माला वाटलं, आपणच आता तापून उकळू. त्यालाही पटलं होतं तर. आणि का पटू नये? तिनं स्वतःच तर पडताळा करून दिला होता. ती असली की तापते, नसली की नाही. पण कारण? कारणाशिवाय कार्य होत नाही, हे ती मुलींना रोज सांगत आली होती. मग तिच्या असण्यानं पाणी कसं उकळेल?

शनिवारी ती स्टँडवर गेली. पाय नको म्हणत होते, तरी गेली. आप्पा मोटारीला टेकून उभेच होते.

"बाई, आज रेल्वेनं जा. माझा गुळाचा सौदा व्हायचाय अक्कलकोटात. वाटेत बसून राहायला वेळ नाही मला."

तेवढ्यात शिवपुत्र हँडल घेऊन पुढं आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. आवाज मात्र खणखणीत होता.

"आप्पा, तुम्ही आज मागं बसा. बाई पुढं बसतील."

"पुढं? तुझ्या शेजारी?"

"नाहीतर तुम्ही रेल्वेनं जा की."

आप्पा पुटपुटत मागं जाऊन बसले. नीलम्मा पुढं बसली आणि काय करावं हे न सुचून समोर बघत राहिली. स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन बारक्या दांड्या होत्या. मागच्या जागेवरून त्या कधी दिसल्या नव्हत्या. शिवपुत्रनं बाहेरूनच हात घालून तिच्या बाजूची दांडी वर सारली, पुढं जाऊन हँडल मारलं. इंजिन धडधडू लागलं. तो आत येऊन बसला, तिच्याकडे वळला.

"बसलात ना नीट?"

त्यानं टोपी सारखी केली, आणि मोटार निघाली.

कुंभारी गाव मागं पडलं. मोटार कण्हत होती. झाकणाशी बारीक फुसफूस सुरू झाली. मागून आप्पांचा सुस्कारा ऐकू आला. नीलम्माची नजर त्या दांडीवर होती.

"ही कशाची?" तिनं हळूच विचारलं.

"ठिणगीची. इंजिनात ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, ते हिच्यावर. हँडल मारताना वर ठेवायची, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. मग सुरू झाली की खाली..."

तो थांबला. दांडी वरच होती.

नीलम्माच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर येऊ लागली. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरा पेटणार. त्याचा जोर चाकांना मिळायच्या आत वेळ निघून जाणार, आणि ती सगळी धग इंजिनाच्या अंगात मुरणार. गाडी कण्हत चालणार. पाणी उकळणार.

"रोज खाली घेता?"

"रोज. हात आपोआप जातो."

"मग आज?"

त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती.

"आज हात टोपीकडे गेला," नीलम्मा म्हणाली. हे वाक्य तिनं निव्वळ निरीक्षण म्हणून उच्चारलं होतं. उच्चारल्यावर त्याचा अर्थ तिच्या लक्षात आला, आणि तिनं घाईघाईनं दुसरीकडे पाहिलं. मग तिकडेच बघत तिनं हात लांबवला आणि दांडी खाली ओढली.

मोटार जणू झोपेतून जागी झाली. गंगम्मा गाठोड्यासकट मागं आदळली. "अगं बाई! काय केलंस गं?"

फुसफूस हळूहळू बंद झाली. लिंबाचं झाड आलं. मोटारीला आता थांबायचं कारण नव्हतं, तरी शिवपुत्रनं ती थांबवली. सवयीनं सगळे खाली उतरले.

"तापली नाही," आप्पा चकित होऊन म्हणाले. मग लगेच सावरले. "कशी तापेल? सारी वाट मी मागं बसून नामस्मरण केलं. पण दर खेपेला मी कुठला असायला? बाईंना मोटारीत घेणं बरं नव्हे, शिवपुत्रा. मी चार लोकांत सांगणार."

नीलम्माला दांडीचं सांगता आलं असतं. पण दांडी वर का राहिली, ते कसं सांगायचं?

शिवपुत्रनं टोपी काढून हातात घेतली. ती एकदा फिरवली, दोनदा फिरवली.

"चार लोकांत मीच सांगतो आप्पा. दोष मोटारीत नाही. बाईंच्या पायात तर नाहीच. ठिणगीची दांडी मी खाली घ्यायला विसरत होतो."

"इतकी वर्षं मोटार हाकतोस, आणि विसरतोस?"

"रोज नाही. बाई असल्या की विसरतो."

"ते का?"

"आप्पा," गंगम्मा म्हणाली, "तुमी लग्नं किती ठरिवली वो आजवर? आन् एवडं कळंना?"

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. शिवपुत्र हसला नाही. तो नीलम्माकडे वळला. त्या दिवशी वाफ उडत असतानाही तो एवढा घाबरलेला दिसला नव्हता.

"आप्पा पायगुण म्हणाले, तेव्हा मी खाली बघत बसलो. बोलायला पाहिजे होतं. पण मला खरंच काही कळत नव्हतं बाई. तुम्ही दिसलात की... मी काय करतो, तेच मला कळत नाही. रागावलात?"

लिंबाचा बारीक मोहर तिच्या पदरावर पडत होता. नीलम्मानं फार विचार केला. खरं तेवढंच बोलायची तिला सवय होती.

"नाही," ती म्हणाली. "पण मलाही माझं काही कळत नाही. तुमच्या मोटारीचं निदान झालं, माझं अजून नाही झालं."

"मग?"

"मग..." तिचा आवाज अगदी बारीक झाला, "तुम्ही आईला विचारलंत, आणि आईनं मला विचारलं, तर मी नाही म्हणणार नाही. एवढं नक्की कळतंय."

"शिवा शिवा!" गंगम्मानं कानशिलावर बोटं मोडली. "आप्पा, चढा गाडीत. गूळ वाट बघतोय तुमचा."

अक्कलकोटात त्या दिवशी मोटार स्टँडवर थांबली नाही. गंगम्मानं थांबूच दिली नाही. नीलम्माच्या गल्लीत वळून मोटार तिच्या दाराशी आली, तशी आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. आई पदर सावरत बाहेर आली. तिनं मोटार पाहिली, टोपी हातात धरून अवघडलेला शिवपुत्र पाहिला, आणि काही न विचारता आत वळली. आली ती भरलेली घागर घेऊन.

"दर शनिवारी तापते म्हणं तुमची मोटार. घ्या, पाणी घाला तिला."

शिवपुत्र घागरीकडे बघत राहिला. नीलम्मा मोटारीतून उतरली, आईच्या हातातल्या घागरीवर तिनं हात ठेवला.

"मोटारीला नको, अव्वा," ती म्हणाली. "ह्यांना दे. आत बसवून दे."