निळ्या रेघांची चिंधी

त्या दिवशी दुपारी मी नुसती बंदूक तपासायला खाणीवर गेलो होतो. दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगताना तुमचा चेहरा दिसेल. आणि कोटाचं म्हणाल तर राहू द्या. उकडतंय मलाही, पण कोट मी काढणार नाही.

बंदूक ठासणीची. माझ्या थोरल्या भावाची, दादाची. तो सुतार. जुनी नळी कुठूनशी मिळवली आणि दस्ता स्वतः अक्रोडाच्या लाकडाचा केला. ही बंदूक तोंडाकडून भरतात. आधी मापानं दारू ओतायची, मग तेल लावलेल्या गोल चिंधीत गोळी बसवायची आणि लांब गजानं ती तळापर्यंत ठासायची. माझा हात उतावळा, दादाचा शांत. म्हणून स्पर्धेत दादा भरायचा आणि मी मारायचो. कप माझ्या चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाला आल्या आल्या दिसेल असा ठेवलाय. त्यावर नाव माझं एकट्याचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच, पण दादा असेपर्यंत मला तसं कधी वाटलं नाही.

दादा छातीच्या दुखण्यानं गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी म्हणाली, "भाऊजी, बंदूक पोरीला हवीय. तिच्या बाबांच्या हातची आहे ना." पोर म्हणजे माझी पुतणी. चांगली मोठी आहे, आता बापाचा कारखाना तीच चालवते.

मी म्हणालो, "वहिनी, नळीला चीर गेलीय. फुटली तर पोरीचं तोंड भाजेल. माझ्याकडे राहू दे."

चीर वगैरे काही नव्हती. मला बंदूक हवी होती, एवढंच. वहिनी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." गेली कित्येक वर्षं ती नळी तीच पुसत होती आणि चिंध्याही तीच कापायची, दादाच्या जुन्या शर्टांच्या. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

तर त्या दुपारी मी खाणीवर गेलो. दगड काढून संपलेली खाण आहे, आमचं मंडळ तिथं नेमबाजी करतं. धुकं उतरलं होतं. रखवालदार खोलीत रेडिओ लावून बसला होता, बाकी चिटपाखरू नव्हतं. मी सवयीनं आधी गज नळीत सोडला. गजावर दादानं एक खाच पाडलीय. बंदूक रिकामी असेल तर खाच नळीच्या तोंडाशी येते, भरलेली असेल तर दोन बोटं वर राहते. गज तळाला लागून टण्ण वाजला. रिकामी होती. मी भरली, मारली, आणि गोळी नेमाच्या फळ्यालासुद्धा लागली नाही. दुसरी त्याहून वाईट गेली.

बंदूक टेकणीला लावून मी चष्मा पुसला. परत गज सोडला तर टण्ण आवाज नाही. ठप. खाच दोन बोटं वर उभी.

म्हटलं, आपणच भरली असेल, लक्ष कुठंय आपलं. घोडा ओढला, ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली, चाप दाबला. गोळी थेट काळ्या ठिपक्यात. धुरासोबत जवसाच्या तेलाचा वास आला. दादा दस्त्याला चोळायचा, ते तेल. पुन्हा गज सोडला. ठप.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. आनंद झाला. आज लाज वाटते ती त्याचीच. दादा अजून माझ्यासाठी भरतोय, असं मनात आलं आणि मी हावरटासारखा मारत सुटलो. वर रखवालदाराला हाक मारून फळा दाखवला.

"काय नेम आहे साहेब," तो म्हणाला. "तुमच्या भावाला नसतं जमलं."

"सराव लागतो," मी म्हणालो. तोंड वर करून म्हणालो.

तो गेल्यावर मी पुढे जाऊन चिंध्या वेचल्या. गोळी सुटली की चिंधी समोर गवतात पडते, ती बघायची रीत आहे. जळली असेल तर दारू जास्त झाली, फाटली असेल तर गोळी नीट बसली नव्हती. पहिल्या दोन माझ्या, पांढऱ्या, जळून कोळसा झालेल्या. पुढच्या सगळ्या अखंड होत्या, अजून कोमट, आणि निळ्या रेघांच्या.

मी पांढरं कापडच नेलं होतं. निळ्या रेघांचा शर्ट दादाचा होता. त्याला शेवटचं नेलं तेव्हा तोच घातला होता. बटणं मी स्वतः लावली होती.

"दादा..." मी म्हणालो.

मागे धुक्यात गज सरकल्याचा आवाज आला. सावकाश... एका दमात... तळापर्यंत. मी वळलो. बंदूक टेकणीला होती. गज मी काढून बाकावर ठेवला होता, तो आता नळीत होता.

ती भरणी मातीच्या ढिगात उडवून टाकली आणि तसाच वहिनीच्या घरी निघालो. वाटेत घोकत होतो, चीर नव्हती, मी खोटं बोललो. दारात वहिनी दिसली आणि जीभ रेटेना. मी म्हणालो, "नळी दुरुस्त करून आणलीय."

वहिनीनं नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. "दुरुस्त झाली? बरं झालं."

पुतणीनं गज सोडला. टण्ण. रिकामी. ती खाचेवरून अंगठा फिरवत राहिली.

"आणखी काही सांगायचंय, भाऊजी?" वहिनीनं विचारलं. ती थांबली होती. चांगली थांबली होती.

"नाही," मी म्हणालो.

गेल्या रविवारी सकाळी पुतणीनं मला खाणीवर बोलावलं. एकटी भरते, एकटी मारते. फळा बघितला, सगळ्या गोळ्या मधोमध. मला वाटलं, चला, सुटलो. तेवढ्यात ती गवतातून चिंध्या वेचून आली.

"काका, एकही जळली नाही बघा. पण हे कापड कुठलं? मी पांढरं आणते. आई म्हणते, तिनं कापलेलं नाही."

तिच्या तळहातावर तपकिरी चौकडी होती.

"तुमचा असा शर्ट होता ना?"

"होता," मी म्हणालो. तोच घालून मी उभा होतो. कोटाच्या आत, डाव्या छातीवर, गोल गोल जागी वारा गार लागत होता. मी कोटाचं वरचं बटणही लावलं.

आजही रविवार. मघाशी, तुम्ही यायच्या आधी, तिचा फोन आला होता. म्हणाली, काका, आजच्या चिंध्या मऊ निघाल्या, बनियनच्या कापडासारख्या.

पुढच्या रविवारच्या आत वहिनीला सांगायला हवं, हे मला कळतं. रोज निघतो, तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि परत येतो. बनियनच्या आत मी दुसरं काही घालत नाही.