प्रिंटरमधला हरवलेला गुलाबी

लिफ्टचं दार बंद होता होता एका हाताने ते अडवलं.

"मॅडम, तिरका नका धरू! सगळी इंक आतल्या पॅडमध्ये जाईल."

रेवतीने दचकून कवेतला प्रिंटर सरळ केला. समोर तिशीतला एक तरुण उभा होता. पाठीवर सॅक, शर्टाच्या खिशाला पेनांसारखे ओळीने लावलेले तीन स्क्रू ड्रायव्हर.

"यात शाई आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"टाकीवाला प्रिंटर आहे. शाई नसेल तर काय, चहा असेल?"

रेवती हसली. तिला इतक्या चटकन हसू येत नसे, त्यामुळे तिचं तिलाच नवल वाटलं.

त्याचं नाव नितेश परब. चौथ्या मजल्यावरच्या सीएंचा प्रिंटर दुरुस्त करून तो खाली निघाला होता, आणि ती आपला प्रिंटर स्टेशनजवळच्या दुकानात न्यायला.

"रिक्षात हादरे बसून अजून आजारी पडेल तो," नितेश म्हणाला. "घरीच बघतो ना. पाच मिनिटं."

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत रेवती आणि तिचे वडील राहत. वडिलांना सगळी सोसायटी भाऊ म्हणे, म्हणून तीही भाऊच म्हणे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून भाऊंना पक्ष्यांचा नाद लागला होता. ऐरोलीच्या खाडीवर तासन् तास उभं राहून त्यांनी फ्लेमिंगोंचे फोटो काढले होते, आणि महिनाअखेरीस ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये ते मांडायचे होते.

"माझे फ्लेमिंगो पार कावळे झालेत हो," त्यांनी दारातच तक्रार केली.

नितेशने फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, प्रिंटर उघडला आणि चक्क कान लावला. भाऊ काहीतरी बोलणार, तोच त्याने बोट वर केलं. खोलीत फक्त यंत्राची घरघर.

"पंप ठीक आहे. श्वास घेतोय. कागदावर इंक सोडणाऱ्या हेडमध्ये ती सुकलीय. क्लीनिंग किती वेळा केलंत?"

"अकरा." रेवतीने वही पुढे केली. "तारीख-वेळेसह."

त्याने वही घेतली आणि खरंच वाचली. पान उलटून, पुन्हा मागे जाऊन. "सात वर्षं हे काम करतोय, मॅडम. गिऱ्हाईक म्हणतं, आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बिघडला. नोंद ठेवणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मग त्याने टेस्ट पेज काढलं आणि तिच्या हातात दिलं. "तुम्हीच बघून सांगा. काय दिसतंय?"

रेवती एका रंगांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती. गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी रंग जुळवणं हे तिचं काम. चौदा प्रकारचे पांढरे ती वेगळे सांगू शके... पण काय दिसतंय, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. यंत्रावरचे आकडे पाठव, म्हणत.

"काळा पूर्ण आहे. निळा पूर्ण आहे. पिवळाही. गुलाबी मात्र जवळजवळ नाहीच. एका कोपऱ्यात थोडासा — रातांब्याच्या सालीसारखा."

"म्हणजे आंबट," नितेश गंभीरपणे म्हणाला.

"रंग आंबट कसा असेल?"

"आमच्या गावाकडं असतो. आणि तो निळा?"

तिने विचार केला. "उन्हातून घरात आल्यावर पायाला फरशी लागते ना... तसा."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून त्याने कागदी रुमालाची घडी कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवली आणि हेडखाली सरकवली. इतकी अलगद, की जणू झोपलेल्या मांजराखालून चादर ओढायची होती. यंत्राशी असं वागणारा माणूस तिने प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता.

"आता बटण दाबायचं नाही," तो म्हणाला. "सुकलेलं भिजायला वेळ द्यायचा. बुधवारी येतो."

बुधवारी तो आला. टेस्ट पेज पुन्हा तिच्याच हातात दिलं.

"सांगा."

गुलाबी परतला होता. फक्त दोन ठिकाणी रेघ तुटत होती. म्हणजे आणखी एक फेरी, आणि संपलं. आयुष्यात पहिल्यांदा रेवतीला निरीक्षण खोटं सांगावंसं वाटलं. दोनाऐवजी वीस म्हटलं तर?

"दोनच," ती म्हणाली. आवाज जरा खाली गेला.

"दोनच?" त्याचाही गेला. "मग... रविवारी होऊन जाईल."

रविवारी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. बाहेरून पंपाचा आवाज आला, मग कागद सरकल्याचा. आणि नितेशची आरोळी —

"झकास! भाऊ, बघा तुमचे पक्षी!"

ट्रे घेऊन ती बाहेर आली. नितेशने कागद उंच धरला होता. त्यावर निळेजांभळे फ्लेमिंगो. थंडीत काकडल्यासारखे.

तो थट्टा करत नव्हता. चेहरा अगदी आनंदाचा होता. रेवतीने ट्रे खाली ठेवला. टेस्ट पेजवर गुलाबीच्या जागच्या रेघा अखंड होत्या, फक्त त्या गुलाबी नव्हत्या. आणि तिला एकदम सगळं कळलं.

तिच्या चेहऱ्याकडे बघून नितेशचा हात खाली आला. "चुकलं ना?"

"रंग चुकलाय," ती हळू म्हणाली. "भाऊ, टाकीत काही ओतलंत?"

"काल... गुलाबीची अर्धी दिसली म्हणून भरली गं. चष्मा सापडत नव्हता, बाटली चुकली वाटतं." भाऊंनी एकदा मुलीकडे, एकदा नितेशकडे पाहिलं. "मी दूध घेऊन येतो."

"दूध आहे, भाऊ."

"मग दही आणतो," म्हणत त्यांनी चपला सरकवल्या.

दार लागलं. नितेशने कागदाची नीट घडी घातली.

"मला लाल-हिरवा नीट कळत नाही. गुलाबी तर राखाडीच दिसतो. रेल्वेची परीक्षा पास झालो होतो, मेडिकलला बाहेर. मग हे काम शिकलो. टाक्यांची जागा ठरलेली असते, बाटलीवर नाव असतं. आवाजानं, हातानं बाकीचं कळतं. कुणाला सांगितलं नाही. रंग न दिसणाऱ्याला प्रिंटरला हात कोण लावू देईल?"

रेवतीला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटलं स्वतःबद्दलच. "म्हणजे तुम्ही मला विचारत होतात, ते... गरज होती म्हणून."

"पहिल्या दिवशी — हो."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी तुटलेल्या रेघा मी मोजल्या होत्या. दोन. रेघ तुटलीय की नाही, हे राखाडीतही दिसतं, मॅडम."

"मग विचारलंत कशाला?"

तो खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरशी चाळा करत राहिला. "आंबट, थंड... असं मला कुणी कधी सांगितलंच नाही. लोक म्हणतात, अरे लाल म्हणजे लाल. तुम्ही सांगायला लागलात की वाटतं, आहे तिथं काहीतरी. आणि खरं सांगू? तुम्ही दोनच म्हणालात ना, तेव्हा... वीस म्हणाला असतात तर बरं झालं असतं, असं वाटलं मला."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. रेवतीच्या कानशिलांतून ऊब वर चढली. गालांवर पसरली, गळ्यापर्यंत उतरली. समोर दुसरा कुणी असता तर एवढ्यात समजला असता, आणि तिला बोलावं लागलं नसतं. हा मात्र तसाच बघत होता — काळजीत, उत्तराची वाट पाहत, काहीही न कळता.

सांगायला हवं होतं. जसं दिसतंय तसं.

"नितेश, एक निरीक्षण सांगते."

"सांगा."

"माझे कान तापलेत. गाल पूर्ण गुलाबी झालेत, गळ्यापर्यंत. तुम्हाला राखाडीच दिसत असतील, म्हणून सांगतेय."

त्याने मग फार सावकाश विचारलं, "कसला गुलाबी?"

तिने त्याची बोटं हातात घेतली, आणि आपल्या गालाला लावली.