खडेबाजारातली भुणभुण

"अहो, माझा आवाज जातच न्हाय!"

नीलम कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरली ती हे बोलतच. पोटाशी लॅपटॉप, खांद्यावरून घसरलेली ओढणी, आणि खडेबाजारातल्या गर्दीतून पळत आल्यामुळं श्वास नुसता वरच्या वर.

काउंटरजवळच्या स्टुलावर एक तरुण बसला होता. त्यानं मान वर केली. "मला तर चांगला ऐकू येतोय."

"चेष्टा नको हो! चार वाजता मुलाखत आहे. ऑनलाइन. मागच्या खेपेला समोरची माणसं 'मोठ्यानं बोला' म्हणत राहिली आणि शेवटी कॉलच बंद केला. आज पुन्हा बोलावलंय... आज जर न्हाय जमलं तर..."

पुण्याच्या एका कंपनीला मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत शिकवणारी प्रशिक्षक हवी होती. बेळगुंदीच्या शेतकरी घरातल्या नीलमला या दोन्ही भाषा पाण्यासारख्या यायच्या. गावात रेंज येते-जाते म्हणून ती सकाळीच शहरात मावशीकडं आली होती. तिथं रेकॉर्ड करून बघितलं तर आवाज तसाच, खोल विहिरीतून आल्यासारखा.

तरुणानं लॅपटॉप पुढं ओढला, तिनं दिलेला चार्जर बोर्डात लावला. सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोफोनची पातळी पार वरपर्यंत नेली. "बोला बघू काहीतरी."

"काय बोलू?"

"मुलाखतीत बोलणार तेच. नाव, गाव... आवडनिवड."

"आवडनिवड कोण विचारतंय मुलाखतीत?"

"मी विचारीन की." तो हसला. नीलम मात्र हसली नाही. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाला चिकटली होती. तशीच तिनं नाव, गाव सांगितलं.

काउंटरवर दोन छोटे स्पीकर पडले होते. रेकॉर्ड झालेलं ऐकायला त्यानं ते जोडले, आणि दुकानभर आवाज घुमला. भुंऽऽऽ... जणू काचेच्या बरणीत भुंगा कोंडलाय. त्यामागं कुठंतरी नीलमचं नाव कुजबुजत होतं.

"हे आणि काय नवीन?" ती स्पीकरकडं वाकली.

त्यानं वायर हलवून बघितली, स्पीकर दुसऱ्या बाजूला ठेवला. भुणभुण तशीच. मग त्यानं लॅपटॉपचा चार्जर ओढून काढला. क्षणात शांतता.

"सापडलं!" तो म्हणाला, आणि त्याच वेळी स्क्रीन काळी झाली.

"बॅटरी गेलीय त्याची! चार्जरशिवाय चालत न्हाय तो!" नीलमच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुम्हाला दुकान चालवता येतं का न्हाय?"

तो कानामागं खाजवत म्हणाला, "दुकान... माझं न्हाय."

"म्हणजे?"

"मारुतीरावांचं हाय. ते जेवायला गेलेत. मी गिऱ्हाईक. हे स्पीकर माझे. हेच भुणभुणतात म्हणून दाखवायला आलतो. मी श्रीपाल, निपाणीचा. उद्यमबागेत कारखान्यात नोकरीला असतो."

"मग आधी सांगायचं न्हाय?"

"तुम्ही आत आला तेव्हा तुमचा चेहरा असा होता की... 'मीबी तुमच्यासारखाच बसलोय' म्हणायचा धीर झाला न्हाय."

रागवावं की रडावं, नीलमला कळेना. पण रागवायलाही वेळ कुठं होता! तिनं चार्जर पुन्हा लावायला उचलला आणि श्रीपालनं एकदम तिचा हात थांबवला. बोटांना बोटं लागली. दोघांनीही हात मागं घेतले.

"थांबा... चार्जरला तीन पिना हायत. मग वर हे दोन पिनांचं अडॉप्टरचं टोपण कशाला?"

"आमच्या घरातल्या बोर्डात तीन पिनांचं बसत न्हाय."

"म्हणजे अर्थिंगच न्हाय! आमच्या कारखान्यात असं झालं की मीटर वेडेवाकडे आकडे दाखवतात." त्यानं टोपण काढून प्लग सरळ दुकानाच्या बोर्डात बसवला. लॅपटॉप सुरू झाला. स्पीकर गप्प! "आणि मीबी खोलीवर असलंच टोपण लावलंय... गाढव मी!"

पहिल्यांदाच नीलमच्या ओठांवर हसू आलं. पण आवाज अजून बारीकच होता. चार वाजत आले होते. मायक्रोफोन नेमका असतो तरी कुठं, म्हणत तिनं स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि ते चिकटपट्टीवर अडकलं. मागं एकदा कडेला तडा गेला तेव्हा तिनंच ती लावली होती. नखानं तिनं पट्टी सोलली. खाली टाचणीच्या टोकाएवढं छिद्र.

"नमस्कार, मी नीलम," ती घाबरत बोलली.

स्पीकरमधून तिचाच आवाज आला. ठळक, स्वच्छ. श्रीपाल ऐकतच राहिला.

"तुमच्या स्पीकरचंबी काम झालं की," ती हळूच म्हणाली. "आता जाणार?"

"जायला पाहिजे," तो म्हणाला. "पण... थांबतो."

मुलाखत तिथंच सुरू झाली, आणि ती संपेपर्यंत तो दुकानाच्या दारात उभा राहिला. हॉर्न वाजवणाऱ्यांना हात जोडत होता, जेवून परत आलेल्या मारुतीरावांनाही त्यानं पायरीवरच थोपवलं.

निघताना दोघांनी नंबर दिले-घेतले. त्यानंतर रोज संध्याकाळी त्याचा फोन. 'आवाज येतोय का?' हे निमित्त, मग गप्पा लांबत जायच्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. पण ज्या दिवशी निवड झाल्याचं आणि पुण्याला राहायला जावं लागणार असल्याचं नीलमनं सांगितलं, त्या दिवशी श्रीपाल फक्त "लई छान" म्हणाला. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती फोन उचलून ठेवायची, पुन्हा उचलायची... आपलंच काही चुकलं का? त्याच्या मनात काही नव्हतंच का? शेवटी रविवारी दुपारच्या पुण्याच्या बसनं निघतेय, एवढाच मेसेज तिनं टाकला. उत्तर आलं नाही.

रविवारी बस निपाणी स्टँडात शिरली, आणि फलाटावर श्रीपाल दिसला. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. नीलम धडपडत खाली उतरली.

"फोन का न्हाय केलास?"

"जाऊ नको, असं तोंडातून निघालं असतं. ते मला म्हणायचं न्हवतं." त्यानं शेजारच्या बाईकडं पाहिलं. "मग घरात बोललो आधी. जैनांच्या घरात बाहेरची पोरगी म्हणून दोन दिवस नुसता वाद... नीलम, मला तू पाहिजेस. पुण्यात राहा, कुठंबी राहा. मी येत राहीन."

कंडक्टरनं आवाज दिला. नीलमला बोलायचं खूप होतं, पण ती एवढंच म्हणाली, "ये. मी वाट बघते."

"हीच का रं ती?" त्या बाईनं, श्रीपालच्या कांताकाकूंनी, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चेहरा कडकच होता. मग पिशवीतून डबा काढून त्यांनी नीलमच्या हातात दिला.

"दिवस बुडायच्या आत खा गं. आमच्यात अंधार पडल्यावर जेवत न्हाईत."

आमच्यात... बस सुटली तरी तो शब्द नीलमच्या कानात होता. कागल मागं पडलं, कोल्हापूर मागं पडलं. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला तेव्हा तिनं मांडीवर डबा उघडला आणि पहिला घास घेतला.