तळ्यात गेलेली जोडी

हेजरो फार्मच्या मंडळाचे अध्यक्षमहाराज, तुम्ही खुर्चीवरून न उठता अकरा वर्षांच्या मुलीला गुन्हेगार ठरवलंत. तळं तुमच्या खिडकीतून दिसतं, पण तिथवर चालत जायचे कष्ट तुम्हाला झेपले नाहीत. जी बाई तिथवर चालत गेली, तिची हकिगत आता वाचा.

इंगा तोर्सनच्या दारात सिओमारा आली ती मांसाच्या कारखान्यातले रबरी बूट घालूनच.

"काल माझ्या येसेनियाची सहल हेजरो फार्मवर गेली होती," ती म्हणाली. "तिथं सगळं दीडशे वर्षांपूर्वीसारखं. पोरांनी लोणी घुसळलं, बैलगाडी हाकली. जेवणाच्या सुट्टीत बैल गाडीसकट तळ्यात गेले. म्हणे माझ्या पोरीनं टोचले. आज संध्याकाळी फार्मच्या मंडळाची बैठक आहे. ठपका आला की शाळा तिला काढणार."

"टोचले का तिनं?"

"ती कोंबडीलासुद्धा 'जरा सरकतेस का' म्हणते, बाई."

इंगानं कोट चढवला. डोकं तिचं आणि मोटार निवृत्त पोस्टमन वेंडेलची, अशी गावातली कोडी सोडवायची दोघांची जुनी भागीदारी होती.

गाडीवान ऑर्विल क्लेम गोठ्यात तांबड्या बैलाचं खरचटलेलं अंग पुसत होता.

"जेवायला जाण्याआधी मी जू उतरवलं, जोडी बांधली. मॅनेजरसाहेब म्हणतात, थापा मारतोस, जुंपलेलीच सोडून गेलास. मलाही काढणार आहेत."

"कुणी पाहिलं?"

"या दोघांनी. बोलतील तर शपथ. हा रूफस, तो पांढरा मोझेस. वासरं होती तेव्हापासून रूफस डावीकडं, मोझेस उजवीकडं. मी डाव्या अंगानं चालतो, रूफसला माझी सवय." त्यानं रूफसचा पुढचा खूर उचलला. "खुराच्या दोन फाकांना नालेसारख्या दोन लोखंडी पत्र्या. यातली एक काल सकाळीच पडली, पोरं यायच्या आधी. बाकी दोघांच्या सगळ्या शाबूत. लोहार उद्या येतोय."

"छान बैल," म्हणत वेंडेल मागे सरकला आणि शेणात उभा राहिला.

येसेनिया आईला चिकटून बसली होती. "मी बैलांना टोचायची पराणी खुंटीला अडकवली. मिस्टर क्लेम शाबास म्हणाले. मग आम्ही सफरचंदाखाली सँडविच खाल्ली."

"मधे उठली होतीस?"

"लघवीला." तिचे डोळे भरले. "तेवढंच धरून बसलेत सगळे."

मॅनेजर प्रेस्टन गेलच्या टेबलावर नवीकोरी गवती टोपी आणि कॅमेऱ्याची तिपाई होती. भिंतीवर नव्या पोस्टरसाठी रिकामी चौकट टांगलेली होती.

"मी इथंच होतो," गेल म्हणाला. "ओरडा ऐकून धावलो, तोवर बैल जू मोडून आपणच काठावर आले होते."

"म्हणजे जुंपलेले तुम्ही पाहिलेच नाहीत?"

"काल दिवसभरात नाही. पण त्यात कोडं काय? म्हाताऱ्यानं जोडी तशीच सोडली. पोरीनं उजवीकडच्या तांबड्याला टोचलं, तो बिथरला, पांढऱ्याला रेटत पाण्यात गेला. या लोकांच्या पोरांना वळणच नसतं."

"कारखान्यात मांस कापायला मात्र हेच लोक चालतात," इंगा म्हणाली आणि उठली.

तळ्याकाठचा चिखल उन्हानं वाळून कडक झाला होता. पाण्याकडं जाणाऱ्या चाकोऱ्या आणि त्यांच्यापुढं दोन बैलांची पावलं स्पष्ट होती. इंगा उकिडवी बसली.

"वेंडेल, उजवीकडच्या बैलाचा पुढचा खूर बघ."

"खूरच आहे की."

"अर्ध्या खुराखाली पत्रीची कड उमटलीय. अर्ध्याखाली?"

"काहीच नाही. म्हणजे काय?"

"म्हणजे फोटो काढ. आणि आधी बूट पूस."

संध्याकाळी कोठारात मंडळ बसलं. इंगानं गेलला विचारलं, "कोणता बैल बिथरला?"

"कितीदा सांगू? उजवीकडचा तांबडा."

इंगानं फोटो मंडळापुढे सरकवला. "हा तळ्याकाठचा ठसा. एक पत्री गळालेला खूर रूफसचा, आणि तो उजवीकडं उमटलाय. क्लेमनं जुंपलेली जोडी तशीच सुटली असती तर रूफस डावीकडं असता. याचा अर्थ क्लेमनं जू खरंच उतरवलं होतं. नंतर दुसऱ्या कुणीतरी बैल उलटे जुंपले. ते जू अकरा वर्षांच्या पोरीला उचलवतसुद्धा नाही."

"मग कुणी?" वेंडेलनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"ज्याला तांबडा उजवीकडं होता हे माहीत आहे त्यानं. फार्मवर ज्याला विचाराल तो तांबडा डावा म्हणेल. मिस्टर गेल, काल जुंपलेली जोडी तुम्ही पाहिलीच नाही ना? मग तांबडा उजवा कुठून आला? ती टोपी घालून, पोस्टरसाठी गाडी हाकतानाचा फोटो काढायचा होता. क्लेम जेवायला गेला, तुम्ही जोडी जुंपली. दोघेही आपापल्या बाजूला जायला ओढू लागले, जू पिळलं, आणि तुम्ही बाजूला उडी मारलीत."

गेल लालबुंद झाला. "बैल म्हणजे बैल! इकडचा तिकडं जुंपला तर बिघडतं काय?"

ऑर्विल क्लेम खो-खो हसायला लागला, आणि सगळं कोठार हसलं. गेल टोपी न घेताच निघून गेला.

पुढच्या आठवड्यात शाळेची सहल पुन्हा आली. येसेनिया पराणी खांद्यावर टाकून डाव्या अंगानं चालली. तिच्या लगत रूफस, पलीकडं मोझेस, मागं गाडीत तिचा अख्खा वर्ग घसा ताणून गात होता. कुंपणापाशी सिओमारा रबरी बुटांत उभी राहून टाळ्या वाजवत होती. जोडी तळ्याकाठानं गेली आणि सरळ गेली.

गेलला तुम्ही काढलंत, क्लेमला ठेवलंत. ठीक. पण येसेनियाला तुम्ही तिच्या वर्गासमोर गुन्हेगार म्हणाला होतात, अध्यक्षमहाराज. त्याच वर्गासमोर तिची माफी कधी मागताय? उत्तर द्या.