हिरवळीखालची बाग

“घाबरली असशील तर आत्ताच उतर,” ऑल्वेन वरच्या फांदीवरून म्हणाली.

“आधी माझ्या बोटांवरचा पाय काढ, मग बोल,” हेस्टर म्हणाली.

त्या उन्हाळ्यात पाऊस असा नव्हताच. सुट्टीला आत्याआजीकडे, विनकोम हॉल या त्यांच्या जुन्या हवेलीत आलेल्या हेस्टर, तिचा धाकटा भाऊ रूफस आणि चुलतबहीण ऑल्वेन यांचा मुक्काम दिवसभर त्या जुन्या सीडरच्या झाडावरच असे.

हेस्टरने खाली पाहिलं. वाळत चाललेल्या हिरवळीवर पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. वर्तुळं, चौकोन आणि मधोमध एक चांदणी.

“खाली वाटांची खडी असणार, म्हणून तिथलं गवत आधी करपलंय. ही आत्याआजीची बाग आहे!” हेस्टर ओरडली.

पहिल्या महायुद्धात माळी लढायला गेले आणि बागेवर गवत पेरलं गेलं. आत्याआजी तिच्याबद्दल बोलू लागल्या की कारभारी पेटिफर विश्वास न ठेवता नुसते हसत. सोमवारी याच हिरवळीवर ते मोटारींसाठी जागा खणणार होते.

मुलं त्यांच्याकडे धावली. पेटिफरनी तोंडावरचं वर्तमानपत्रही काढलं नाही. “उद्योग नाही का तुम्हाला? जा, टेनिसच्या रेघा मारा.”

बाहेर ढग दाटत होते. पाऊस पडला की गवत पुन्हा हिरवं होणार आणि रेघा पुसल्या जाणार.

“कुठे मारा ते नाही म्हणाले,” रूफस म्हणाला आणि टेनिसच्या रेघा मारायची चुन्याची ढकलगाडी ओढत आला.

ऑल्वेन झाडावरून दिशा सांगत होती. “डावीकडे. रूफस, तुझं डावं कुठलं रे?” रूफस गाडी पुढून ओढत होता आणि हेस्टर मागून ढकलत पिवळ्या रेघा पांढऱ्या करत होती.

“हे काय करून ठेवलंय?” पेटिफर ओरडत आले. त्यांच्यामागून काठी टेकत आत्याआजी आल्या.

त्या थेट हिरवळीवर उतरल्या. पांढऱ्या रेघांमधून चालू लागल्या. खाली न बघता प्रत्येक वळणावर बरोबर वळल्या. चांदणीपाशी थांबल्या.

“इथे लॅव्हेंडर होतं. एडमंड त्यात लपायचा. मला दिसायचा, पण मी सांगायची नाही.”

एडमंड त्यांचा भाऊ. युद्धावर गेला, तो परतला नाही.

पहिले थेंब पडले.

“पेटिफर, मोटारी तबेल्यामागे लावा,” आत्याआजी म्हणाल्या. “आणि चुना धुऊन जायच्या आत या रेघांवर खुंट्या ठोका. शाबास, पोरांनो. मला वाटायला लागलं होतं, मी ही बाग स्वप्नातच पाहिली की काय.”

पुढच्या वर्षी तिथे पुन्हा लॅव्हेंडर लावलं गेलं. पण हेस्टरला पुढे आयुष्यभर आठवत राहिल्या त्या दिवशीच्या आत्याआजी. छत्री नाकारून, भर पावसात, कुणाला तरी शोधत असल्यासारख्या वाटावाटांनी फिरणाऱ्या.